शून्याकडे जाणाऱ्या दोन संख्या आणि पळून जाणाऱ्या लाटा

निपाणीच्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीनं विचारलंय: "सर, एका व्याख्यानात ऐकलं की वेगानं फिरणाऱ्या वायूची त्रिमितीय नेव्हिए-स्टोक्स समीकरणं, रॉसबी आणि माख या दोन्ही संख्या शून्याकडे नेल्या की, द्विमितीय आणि असंपीड्य, म्हणजे घनता न बदलणाऱ्या प्रवाहाची, होतात. मी शून्य घालून बघितलं तर भागाकारच बिघडतो. आधी कुठली संख्या शून्य करायची? आणि भौतिकशास्त्रवाले दोन ओळींत सांगतात त्याला गणितवाल्यांना पन्नास पानं का लागतात?"

पन्नास पानांचं मागून बघू. 'आधी कुठली' हे मात्र नेमकं विचारलंस. बरेच जण हा प्रश्न न विचारताच पुढं जातात आणि अडकतात. मीही अडकलो होतो, ते ओघात येईलच.

शून्य घालायचंच नाही बघ. नेव्हिए-स्टोक्स म्हणजे वायू किंवा पाणी कसं वाहतं ते सांगणारी समीकरणं. त्यांतल्या संवेगाच्या समीकरणात दोन पदं राक्षसी आहेत. दाबाच्या पदाखाली माख संख्येचा वर्ग आहे आणि कोरिऑलिसच्या, म्हणजे फिरण्यामुळं प्रवाहाला बाजूला वळवणाऱ्या बलाच्या, पदाखाली रॉसबी संख्या. या संख्या एप्सिलॉन नावाच्या, शून्याकडे जाणाऱ्या एका लहान संख्येवर सोपवल्या की एप्सिलॉनच्या प्रत्येक किमतीला एक वेगळा प्रवाह मिळतो. अशी प्रवाहांची रांग लागते आणि आपण विचारतो ते एवढंच, की ही रांग कुठं चाललीय. राक्षसी पदं समीकरणातून उडून जात नाहीत. ती एकमेकांना तोलून धरतात, आणि तो तोल जमेल असेच वेग आणि अशाच घनता शेवटी शिल्लक राहतात. (पुढं येणारे द्रायू, विष्यंदिता हे माझे मराठी शाळेतले शब्द. कॉलेजात तुला ते फ्लुइड आणि व्हिस्कॉसिटी म्हणून भेटले असतील. काकवी ओतताना जी ओढ लागते ती विष्यंदिता.)

आता आकडे आपल्याच गावचे घेऊ. पृथ्वीचा कोनीय वेग सेकंदाला ०.००००७२९ रेडियन. बेळगाव सुमारे १५.८५ उत्तर अक्षांशावर, त्या कोनाची ज्या ०.२७३. दोन्हींचा गुणाकार करून दुप्पट केली की इथला कोरिऑलिस गुणक येतो, सेकंदाला साधारण ०.००००४. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरावरून आत येणारं कमी दाबाचं क्षेत्र हजार किलोमीटरचं धर आणि वारा सेकंदाला १० मीटर. रॉसबी संख्या म्हणजे वेगाला लांबी आणि या गुणकानं भागायचं, उत्तर ०.२५. माख संख्या म्हणजे वेगाला ध्वनीच्या वेगानं भागायचं, उत्तर ०.०३. हाच हिशेब हात धुवायच्या बेसिनचा केलास तर रॉसबी संख्या आठ हजारांच्या घरात जाते. त्यामुळं उत्तर गोलार्धात बेसिनचा भोवरा अमुकच दिशेनं फिरतो, ही गोष्ट सोडून दे. तिथं पृथ्वीचं काही चालत नाही, नळ कसा लावलाय त्याचं चालतं.

०.२५ म्हणजे काही शून्याच्या शेजारची संख्या नव्हे, हेही लक्षात ठेव. युरोपात ५० अंशांवर कोरिऑलिस गुणक आपल्या जवळजवळ तिप्पट असतो. हा सिद्धांत तिकडच्या हवेला जितका चपखल बसतो तितका आपल्याकडच्या हवेला बसत नाही. प्रमेय खोटं होत नाही, ते फक्त आपल्यापासून जरा लांब उभं असतं.

'आधी कुठली' याची किल्ली आता येते. माख संख्येला रॉसबी संख्येनं भाग. वरचा वेग खालच्या वेगाशी कटतो. उरते लांबी, गुणिले फिरण्याचा गुणक, भागिले ध्वनीचा वेग. म्हणजे वारा किती जोरात वाहतोय याला या भागाकारात जागाच नाही. फिरणारी चौकट ध्वनीच्या तुलनेत किती वेगानं फिरतेय एवढंच तो सांगतो. मान्सूनच्या उदाहरणात तो ०.१२ येतो.

आता साखर कारखान्यात जाऊ. संकेश्वर, चिकोडी, अथणी, तुला लांब जायला नको. साखर आणि मळी वेगळी करणारं सेंट्रिफ्युगल मशीन तू बघितलं असशील. बास्केटची त्रिज्या ६० सेंटिमीटर आणि मिनिटाला १२०० फेरे धरले तर काठाचा वेग सेकंदाला सुमारे ७५ मीटर. इथं गुणक म्हणून नुसता कोनीय वेग धरला तर भागाकार ०.२२. रिकाम्या बास्केटमधली हवा त्याच्याबरोबर घट्ट फिरू लागली तर मध्यापेक्षा काठावर ती जेमतेम ३ टक्क्यांनी दाट होते. कारखान्यात कुणी त्याकडं ढुंकूनही बघत नाही आणि ते बरोबरच आहे.

तिसरं यंत्र युरेनियम हेक्झाफ्लोराइड वायूचं सेंट्रिफ्यूज. हा वायू जड, रेणुभार ३५२, त्यामुळं त्यात ध्वनी मंद चालतो, सेकंदाला साधारण ९० मीटर. काठाचा वेग ५०० मीटर धर. भागाकार पाचाच्या वर गेला. मध्य आणि काठ यांच्या घनतेचं गुणोत्तर घातांकी सूत्रानं काढ: रेणुभार गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन गुणिले वायू स्थिरांक गुणिले तापमान. ३०० केल्विनला घातांक १७.६ येतो. म्हणजे काठावरचा वायू मध्यापेक्षा चार कोटी पटींहून दाट! साखरेच्या मशीनमध्ये ३ टक्के आणि इथं चार कोटी पट, आणि फरक फक्त त्या एका भागाकाराचा.

तेव्हा 'आधी कुठली' याचं उत्तर असं: एक आधी आणि एक नंतर असं नसतंच. दोन्ही एकत्र निघतात, कोण किती घाईत आहे ते ठरवायचं. रॉसबी संख्या एप्सिलॉन ठेवून माख संख्या एप्सिलॉनचा कुठलातरी घात घेतात. घात पुरेसा मोठा घेतला म्हणजे माख फार घाईत आहे. मग दाब घनतेला हलूच देत नाही, कोरिऑलिस उभ्या दिशेतला बदल मारून टाकतो, आणि हाती येतं तू ऐकलंस तेच द्विमितीय असंपीड्य नेव्हिए-स्टोक्स. घात एक घेतला, म्हणजे दोघं बरोबरीनं चालले, तर उत्तर बदलतं, आणि माझ्या मते खरी गंमत इथंच आहे.

बरोबरीच्या चालीत तोलाचं समीकरण असं होतं: कोरिऑलिस बल अधिक घनतेतल्या लहान विचलनाचा उतार बरोबर शून्य. हा तोल ज्यांना जमतो त्या अवस्थांच्या संचाला कर्नेल म्हणतात. बेळगावात कर्नल म्हटलं की कॅम्पातले मराठा लाइट इन्फंट्रीचे साहेब आठवतात, पण हा तसा नव्हे, जरी शिस्त तशीच कडक. कोरिऑलिस बलाला उभा घटक नाही, म्हणून विचलन उंचीप्रमाणे बदलू शकत नाही. आडवा वेग त्या विचलनाच्या उताराला काटकोनात, म्हणजे विचलनाच्या समरेषांवरून वाहतो. उभा वेग उंचीप्रमाणे बदलत नाही, आणि वर-खाली भिंती असल्यामुळं तो शून्यच. हवामानाच्या नकाशावर वारा समदाब रेषा कापत उताराला न जाता त्यांच्या कडेनं का वाहतो, ते हेच. प्राउडमननं १९१६ मध्ये हे असंपीड्य द्रायूसाठी मांडलं आणि टेलरनं १९२३ मध्ये फिरत्या टाकीत दाखवलं: तळाशी अडथळा ठेवला की वरचं पाणीही तिथं जणू खांब असल्यासारखं वळसा घालून जातं.

विचलन काळाप्रमाणे कसं बदलतं याचं समीकरण मग भूगतिक-सदृश रूपाचं निघतं, इंग्रजीत ज्याला क्वासी-जिओस्ट्रॉफिक म्हणतात ते. चार्नीनं १९४८ मध्ये हवामानासाठी तसलंच समीकरण तर्कानं काढलं होतं. संपीड्य नेव्हिए-स्टोक्सच्या वीक सोल्युशनपासून (गुळगुळीत नसलं तरी सरासरीच्या अर्थानं समीकरण पाळणारं उत्तर) निघून तिथं पोचण्याची काटेकोर सिद्धता फायराइसल, गालाघेर आणि नोव्होत्नी यांनी २०१२ मध्ये दिली. बघ, मधे चौसष्ट वर्षं गेली!

आता केंद्रोत्सारी बल. तुझ्या व्याख्यात्यांनी त्याचं नाव घेतलं नसेल. पृथ्वीवर ते बाजूला ठेवायला हरकत नाही, कारण पृथ्वीनं स्वतःचा आकारच तसा करून घेतलाय. विषुववृत्तावरची त्रिज्या ध्रुवाकडच्यापेक्षा सुमारे २१ किलोमीटरनं जास्त आहे. आपण ज्याला 'खाली' म्हणतो त्या दिशेतच ते बल मुरलेलं आहे. यंत्रात तसं होत नाही. केंद्रोत्सारी बल आणि दाब यांचं प्रमाण आपल्या त्याच भागाकाराचा वर्ग असतं. म्हणजे दोन्ही संख्या बरोबरीनं चालल्या की हे बल दाबाच्याच तोडीचं, त्याला दाराबाहेर ठेवता येत नाही. मग शांत अवस्थेतली घनताही एकसारखी राहत नाही, आसाभोवती वर्तुळावर्तुळांनी वाढत जाते.

अशा वेळी कर्नेलचं काय होतं? आडवा वेग पूर्वीसारखाच कुठल्यातरी फलनाच्या समरेषांवरून वाहणार. पण घनता गुणिले वेग याचं अपसरण (डायव्हर्जन्स, म्हणजे एखाद्या जागेतून निव्वळ बाहेर पडणारा प्रवाह) शून्य पाहिजे, आणि घनता आता वर्तुळांप्रमाणे बदलते. हिशेब केलास तर अट निघते की वेगानं घनतेची वर्तुळं ओलांडायची नाहीत. म्हणजे प्रवाहाला मुभा उरली फक्त वर्तुळावर गोल फिरण्याची, मळणीच्या खळ्यातल्या बैलासारखी. गोल फिरणाऱ्या प्रवाहात अरैखिक पद, म्हणजे वेग गुणिले वेग असलेलं, नुसता त्रिज्येच्या दिशेचा ओढा देतं आणि तो दाबात विरघळून जातो. त्यामुळं सीमेवरचं, म्हणजे एप्सिलॉन शून्याकडे गेल्यावर उरणारं, समीकरण चक्क रैखिक होतं! याच तिघांनी जेरार-व्हारेसोबत त्याच वर्षी हेही करून दाखवलं. नेव्हिए-स्टोक्सची सारी दहशत ज्या अरैखिक पदामुळं, ते आणखी एक बल घातल्यावर नाहीसं होतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चूक शोधत बसलो होतो.

आता पन्नास पानांकडे. वरचं सगळं दोन ओळींचंच आहे, भौतिकवाले खोटं सांगत नाहीत. पण त्यांनी सुरुवातीपासूनच प्रवाह तोलात आहे असं धरलेलं असतं. सुरुवात तोलात नसेल तर? मग जो भाग कर्नेलबाहेर आहे तो प्रचंड वेगानं थरथरू लागतो. या लाटा अर्ध्या ध्वनीच्या, अर्ध्या फिरण्याच्या. एप्सिलॉन लहान होईल तशी त्यांची वारंवारता वाढते, उंची मात्र कमी होत नाही.

तुला वाटेल, थरथर सरासरीत मिटेल. इथं कोज्येचा एक साधा हिशेब कर. झपाट्यानं हलणाऱ्या कोज्येची सरासरी शून्य, पण तिच्या वर्गाची सरासरी अर्धा. आणि आपल्या समीकरणात वेग गुणिले वेग हे पद आहेच. म्हणजे लाट स्वतः सरासरीत अदृश्य झाली तरी तिचा वर्ग मागं उरतो आणि सीमेच्या समीकरणात भलतंच बल घालू शकतो. पन्नास पानांतली चाळीस हा उरलेला अर्धा कुठं जातो ते शोधण्यात खर्च होतात.

एक उत्तर असं की लाटा निघून जातात. राजहंसगडाच्या माळावर ढोल बडव, आवाज दूर जातो आणि थोड्या वेळानं तुझ्याजवळ काही उरत नाही. तोच ढोल मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये बडव. २०१२ च्या त्या कामात प्रदेश घेतलाय वर-खाली दोन भिंतींमधला, आडव्या दिशेत अनंत पसरलेला. लाटांचं समीकरण सोडवलं की वारंवारतेचं चौथ्या घाताचं समीकरण येतं: वारंवारतेचा चौथा घात, वजा तिचा वर्ग गुणिले (१ अधिक आडव्या तरंगसंख्येचा वर्ग अधिक उभ्या तरंगसंख्येचा वर्ग), अधिक उभ्या तरंगसंख्येचा वर्ग, बरोबर शून्य. उभी तरंगसंख्या भिंतींमुळं सुटी-सुटी, आडवी मात्र सलग. शून्येतर वारंवारता एक ठरवून टाक, उभी तरंगसंख्याही ठरव. मग आडव्या तरंगसंख्येचा वर्ग ठरून जातो, म्हणजे आडव्या तरंगसंख्यांच्या प्रतलात फार तर एक वर्तुळ मिळतं. वर्तुळाला क्षेत्रफळ नसतं, त्यामुळं तेवढ्या वारंवारतांतून सान्त ऊर्जेची, जागच्या जागी डोलणारी लाट बनूच शकत नाही. शून्य सोडून दुसरं आयगेनमूल्य, म्हणजे अशा डोलणाऱ्या लाटेची वारंवारता, नाही, हे एवढ्यात झालं.

मग रेज नावाचं प्रमेय कामाला येतं. ते रुएल, अमराइन, जॉर्जेस्कू आणि एन्स यांच्या आद्याक्षरांवरून ओळखलं जातं आणि मूळचं क्वांटम यांत्रिकीतलं आहे, अणूपासून निसटणाऱ्या कणांसाठीचं. ते म्हणतं की आयगेनअवस्थांबाहेर जे काही आहे त्याची कुठल्याही ठरावीक जागेतली ऊर्जा काळाच्या सरासरीत शून्याकडे जाते. वर्गसुद्धा उरत नाही. अणूसाठी बनवलेलं हत्यार हवेच्या प्रवाहाला लागू पडावं, यातला आनंद अजून गेलेला नाही.

हॉलमधल्या ढोलाची गोष्ट वेगळी. प्रदेश आवर्ती घेतला, म्हणजे एका बाजूनं बाहेर पडलेलं दुसऱ्या बाजूनं आत येतं, तर लाटांना पळायला जागाच नाही. तिथं शोखेटची १९९४ ची गाळण पद्धत लागते: लाटेची गती आधी उलटी फिरवून काढून टाकायची आणि कुठल्या दोन लाटा मिळून तिसरीला पोसतात ते एकेक मोजायचं. तिसरा मार्ग लिऑन्स आणि मस्मूदी यांचा, १९९८ चा, मूळ न फिरणाऱ्या द्रायूसाठीचा. त्यांनी दाखवलं की ध्वनिलाटांचा उरलेला वर्ग हा कशाचातरी उतार असतो. उतार असला की तो दाबात ढकलता येतो. उरतो खरा, पण त्रास देत नाही.

आता माझी गोष्ट. उमेदीच्या काळात मी आवर्ती प्रदेशावर एक पेपर लिहिला आणि लाटा विरून जातात हा अंदाज बिनदिक्कत वापरला. परीक्षकाचं एका ओळीचं उत्तर आलं: विरून जातात कुठं? आठ महिन्यांचं काम त्या तीन शब्दांत गेलं. त्यानंतर कुणाचाही पेपर हातात घेतला की मी आधी प्रदेश बघतो, प्रमेय मागून.

उरलेल्या दहा पानांचं थोडक्यात. त्रिमितीय संपीड्य समीकरणांना गुळगुळीत उत्तर नेहमीसाठी असतंच असं आपल्याला सिद्ध करता येत नाही. म्हणून वीक सोल्युशन घ्यावी लागतात. दाब हा घनतेच्या गॅमाव्या घाताप्रमाणे बदलतो असं धरून लिऑन्सनं १९९८ मध्ये ती गॅमा किमान ९/५ असताना मिळवली. पुढं फायराइसल, नोव्होत्नी आणि पेत्झेल्तोव्हा यांनी २००१ मध्ये अट ३/२ च्या वर इतकी खाली आणली. कोरिऑलिस बल नेहमी वेगाला काटकोनात असतं, म्हणून ते काम करत नाही. त्यामुळं ऊर्जेच्या असमानतेत फिरण्याचा मागमूसही नसतो आणि एप्सिलॉन कितीही लहान केला तरी तीच मर्यादा टिकते. हे नसतं तर बाकीचं काहीच सुरू झालं नसतं.

आणि भिंती. वर मी भिंतींवर द्रायू घसरू शकतो असं गृहीत धरलं. खरी भिंत त्याला चिकटवून ठेवते. मग भिंतीलगत एकमानचा पातळ थर तयार होतो. नान्सेनच्या फ्राम जहाजावरच्या १८९३ ते १८९६ च्या ध्रुवीय मोहिमेत बर्फ वाऱ्याच्या दिशेनं न जाता २० ते ४० अंश उजवीकडं सरकताना दिसलं, त्याचं गणित एकमाननं १९०५ मध्ये पुरं केलं. थर पातळ असला तरी सगळ्या द्रायूवर हुकूम चालवतो.

हे घरी बघता येतं. माझ्याकडं जुना रेकॉर्ड प्लेयर आहे, मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेऱ्यांचा. त्यावर काचेचं भांडं नीट मध्यावर ठेवून १० सेंटिमीटर पाणी भरायचं. नुसत्या विष्यंदितेच्या भरवशावर तळाची गती वरपर्यंत पोचायला पावणेतीन तास लागले असते. पण तळाशी अर्ध्या मिलिमीटरचा एकमान थर पाणी बाहेर फेकतो आणि मधून वरचं खाली ओढतो, त्यामुळं मिनिटाच्या हिशेबात काम होतं. पाचएक मिनिटं थांबायचं, मग एक हलका ढवळा द्यायचा आणि लाल शाईचा थेंब सोडायचा. शाई पसरत नाही. तिचे उभे पडदे होतात, वरपासून खालपर्यंत एकसारखे, आणि एकमेकांभोवती गुंडाळत राहतात.

चौथ्या घाताचं ते समीकरण स्वतः काढून बघ, उभी तरंगसंख्या शून्य घातल्यावर काय होतं तेही लिही, आणि कागद घेऊन एखाद्या रविवारी निपाणीहून सकाळच्या बसनं ये. पाणी फिरायला लागेपर्यंत चहा होतो.